पेटंटचे उल्लंघन आणि बुडालेल्या नफ्याचा हिशेब

उभ्या जोंधळ्यात शेजाऱ्याची गुरे शिरली आणि त्यांनी पीक खाऊन व तुडवून टाकले, तर शेतकरी भरपाई मागतो. पंच बांधावर जमतात, तेव्हा सर्वांत आधी प्रश्न निघतो तो असा की, गुरे शिरली नसती तर या शेतातून किती धान्य खळ्यावर आले असते? जेवढे आले असते त्याची किंमत काढावयाची आणि त्यातून काढणी, मळणी व वाहतूक यांचा वाचलेला खर्च वजा करावयाचा, हा न्यायाचा मार्ग होय. पावसाअभावी ते पीक आधीच करपत चालले असेल, तर पंच तीही गोष्ट विचारात घेतात. नुकसान झाले एवढे सांगून भागत नाही. नुकसान किती झाले आणि ते गुरांमुळेच झाले, हे दाखवावे लागते.

शेतीची अवजारे सुधारणाऱ्या कारागिराच्या बाबतीतही हाच न्याय लागू पडतो. एखाद्याने नवे पेरणीयंत्र किंवा मळणीयंत्र शोधून काढले, त्याचे पेटंट, म्हणजे शासकीय परिभाषेत एकस्व, मिळविले आणि दुसऱ्याने त्याची नक्कल करून बाजारात विकली, तर मूळ संशोधकाचा नफा बुडतो. हा बुडालेला नफा न्यायालयापुढे सिद्ध कसा करावयाचा, हा मोठा बिकट प्रश्न आहे. पेटंट खरे ठरले, उल्लंघनही सिद्ध झाले, आणि तरीही हिशेबाच्या अभावी भरपाई हातची गेली, असे घडलेले आहे. ग्रामीण भागात आज अनेक कल्पक शेतकरी व लोहार अवजारांत सुधारणा करीत असल्यामुळे, या प्रश्नाची माहिती ग्रामसेवकांना व शेतकऱ्यांना असणे अगत्याचे आहे.

कापणीयंत्राचा खटला

या विषयातील एक अत्यंत महत्त्वाचा निकाल शेतीच्या यंत्राविषयीचाच आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील सायरस मॅकॉर्मिक याने १८३१ साली घोड्याने ओढावयाचे कापणीयंत्र शेतात चालवून दाखविले व १८३४ साली त्याचे पेटंट घेतले. मागेपुढे सरकणारे दातेरी पाते गव्हाचे धांडे कापी, फिरणारे रहाट ती पात्याकडे झुकवी आणि कापलेले पीक मागील फळीवर पडे. आरंभी एक मजूर यंत्राच्या बाजूने चालत जाई व ते पीक दंताळ्याने खाली ओढून टाकी. भर उन्हात दिवसभर यंत्राबरोबर चालणे हे मोठे कष्टाचे काम होते. पुढे मॅकॉर्मिकने यंत्रात सुधारणा केल्या. १८४७ सालच्या पेटंटात या मजुरास यंत्रावरच बसून काम करता यावे, अशा बैठकीची रचना होती.

१८३४ चे मूळ पेटंट चौदा वर्षांनी, १८४८ साली संपले व त्याची मुदत वाढवून मिळाली नाही. त्यामुळे मूळ यंत्र बनविण्यास सर्वांना मोकळीक झाली. नंतरच्या सुधारणांवर मात्र मॅकॉर्मिकचा हक्क राहिला. न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉकपोर्ट येथील सेमूर आणि मॉर्गन हे कारखानदार पूर्वी मॅकॉर्मिकसाठीच यंत्रे बनवीत असत. त्यांनी स्वतंत्रपणे यंत्रे बनवून विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा मॅकॉर्मिकने त्यांच्यावर दावा लावला. खालच्या न्यायालयाने पंचांना असे समजावून सांगितले की, पेटंट संपूर्ण यंत्राचे असो वा त्यातील एखाद्या सुधारणेचे असो, नुकसान मोजण्याची रीत एकच आहे. पंचांनी सुमारे १७,३०० डॉलरांची भरपाई ठरविली.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १८५४ साली न्यायमूर्ती ग्रियर यांनी दिलेल्या निकालाने ही भरपाई रद्द झाली व खटला फेरचौकशीसाठी परत पाठविण्यात आला. निकालातील विचारसरणी कोणाही शेतकऱ्यास पटण्यासारखी आहे. एका गुंतागुंतीच्या यंत्रात दहाबारा जणांच्या लहानलहान सुधारणा असू शकतात. अशा प्रत्येकाने संपूर्ण यंत्राचा नफा मागितला, तर बिचाऱ्या यंत्रकारास एकच नफा दहाबारा वेळा द्यावा लागेल. लोखंड, लाकूड, मजुरी, भांडवल आणि कौशल्य ही सर्व यंत्रकाराची असताना, एका बैठकीच्या बदल्यात सर्व नफा दुसऱ्याच्या पदरात घालणे न्यायाचे नव्हे.

न्यायालयाने दुसरी गोष्ट स्पष्ट केली ती अशी की, प्रत्यक्ष नुकसान प्रत्यक्ष पुराव्याने सिद्ध व्हावयास हवे. ते गृहीत धरता येत नाही. नक्कल करणाऱ्याने जेवढी यंत्रे विकली तेवढी सर्व मूळ मालकाकडूनच विकत घेतली गेली असती, असे आपोआप मानता येणार नाही. बैठक नसलेले यंत्रही गिऱ्हाइकाने कदाचित घेतले असते. शिवाय, जो संशोधक स्वतः माल न बनविता इतरांना परवाने देऊन पैसा मिळवितो, त्याचे नुकसान म्हणजे त्यास न मिळालेले परवान्याचे शुल्क होय. कापणीयंत्राच्या या खटल्यास दीडशेहून अधिक वर्षे लोटली. परंतु सुधारणेचे मोल वेगळे काढावे व नुकसान पुराव्याने दाखवावे, हा त्याचा धडा जुना झालेला नाही.

पुराव्याच्या चार पायऱ्या

बुडालेला नफा सिद्ध करण्याच्या पायऱ्या पुढे १९७८ साली अमेरिकेच्या सहाव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने व्यवस्थित मांडल्या. तो खटला विजेच्या तारा ज्यातून नेतात अशा पन्हाळींविषयी होता. पँड्युइट नावाची कंपनी फिर्यादी होती. तेव्हापासून या चार पायऱ्या तिकडे प्रमाण मानल्या जातात. त्या येणेप्रमाणे:

पहिली पायरी मागणीची. पेटंट असलेल्या वस्तूस बाजारात खरोखर गिऱ्हाईक होते, हे दाखवावे लागते. कोणी विकतच घेत नसलेल्या वस्तूचा नफा बुडाला, असे म्हणता येत नाही.

दुसरी पायरी पर्यायाची. गिऱ्हाइकास पटेल अशी आणि पेटंटचे उल्लंघन न करणारी दुसरी वस्तू उपलब्ध नव्हती, हे सिद्ध करावे लागते. तशी वस्तू उपलब्ध असेल, तर नक्कल बाजारात नसतानाही गिऱ्हाईक तिकडे वळले असते.

तिसरी पायरी कुवतीची. वाढलेली मागणी पुरविण्याइतकी भट्टी, कारागीर, कच्चा माल व विक्रीची सोय फिर्यादीजवळ होती काय? ज्याच्या कारखान्यात हंगामात पन्नास यंत्रे निघतात, त्यास पाचशे यंत्रांचा नफा मागता येत नाही.

चौथी पायरी हिशेबाची. प्रत्येक नगामागे नेमका किती नफा झाला असता, हे आकड्यांनी दाखवावे लागते.

पँड्युइट कंपनीचे उदाहरण येथे फार बोलके आहे. जिच्या खटल्यातून या चार पायऱ्या निघाल्या, तीच कंपनी चौथ्या पायरीवर अडखळली. आपल्या खर्चाचा, विशेषतः कायम स्वरूपाच्या खर्चाचा, आवश्यक तो पुरावा ती देऊ शकली नाही. म्हणून बुडालेला नफा तिला मिळाला नाही. वाजवी स्वामित्वशुल्क, म्हणजे रॉयल्टी, किती असावी एवढाच प्रश्न तिच्यापुरता शिल्लक राहिला. पेटंट खरे, उल्लंघन खरे, नुकसानही खरे. पण वही अपुरी! हिशेबाकडे दुर्लक्ष करणाऱ्या प्रत्येक कारागिराने हे ध्यानात ठेवावे.

बाजारात अनेक विक्रेते असतील, तर काय करावयाचे? १९८९ साली पाणी तापविण्याच्या बंबांविषयीच्या एका खटल्यात अमेरिकेतील अपील न्यायालयाने वाटणीचा मार्ग मान्य केला. फिर्यादी कंपनीचा बाजारातील हिस्सा ४० टक्के होता. म्हणून प्रतिवादीने विकलेल्या मालापैकी ४० टक्के मालावर तिला बुडालेला नफा मिळाला आणि उरलेल्या ६० टक्के मालावर ३ टक्के दराने रॉयल्टी मिळाली. यावरून बाजारातील आपला हिस्सा दाखविणारी कागदपत्रे किती उपयोगी पडतात, हे दिसून येते.

मक्याच्या सत्त्वाचा खटला

दुसरी पायरी किती निसरडी आहे, हे मक्याच्या एका खटल्यावरून कळते. मक्याच्या स्टार्चपासून माल्टोडेक्स्ट्रिन नावाची पूड बनवितात व ती अनेक तयार खाद्यपदार्थांत घालतात. अमेरिकेतील ग्रेन प्रोसेसिंग या कंपनीजवळ अशा पुडीच्या एका प्रकाराचे पेटंट होते. अमेरिकन मेझ प्रॉडक्ट्स ही कंपनी अनेक वर्षे तसाच माल विकत होती. १९८१ साली खटला सुरू झाला व उल्लंघन सिद्ध झाले. ग्रेन प्रोसेसिंगने बुडालेला नफा मागितला. त्या काळात पेटंटबाहेरचा तसा माल बाजारात नव्हता, असे तिचे म्हणणे होते.

परंतु १९९१ साली पेटंटची मुदत संपण्याच्या सुमारास प्रतिवादी कंपनीने आपली कृती बदलली. स्टार्चचे विघटन करण्यासाठी तिने एका विकराऐवजी दोन विकरे एकत्र वापरली. या नव्या कृतीने निघालेला माल पेटंटच्या कक्षेबाहेर होता आणि गिऱ्हाइकांना दोहोंत काही फरक जाणवला नाही. ही कृती बसविण्यास अवघे दोन आठवडे पुरले होते. लागणारे साहित्य व ज्ञान पूर्वीपासून उपलब्ध होते; ते विकर महाग असल्यामुळेच कंपनीने ती वाट आधी धरली नव्हती. यावरून न्यायालयाने असा निष्कर्ष काढला की, पेटंटची अडचण आधीच ध्यानात आली असती, तर प्रतिवादीने पहिल्यापासून हीच वाट धरली असती व फिर्यादीची विक्री वाढली नसती. १९९९ साली अपील न्यायालयानेही हा निकाल कायम केला. बुडालेल्या नफ्याऐवजी फिर्यादीस ३ टक्के रॉयल्टी मिळाली.

म्हणजे जो पर्याय बाजारात प्रत्यक्ष विक्रीस नव्हता, पण सहज आणता आला असता, तोही हिशेबात धरला गेला. मात्र असा पर्याय खरोखर हाताशी होता, हे दाखविण्याचा भार प्रतिवादीवर होता.

एक काल्पनिक हिशेब

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका कारागिराच्या संपूर्ण पेरणीयंत्राचे पेटंट आहे. यंत्राची किंमत २०,००० रुपये आहे. एक जादा यंत्र बनविण्यास लोखंड, सुटे भाग, मजुरी, रंग व वाहतूक मिळून १५,५०० रुपये लागतात. शेडचे भाडे व कारकुनाचा पगार जादा यंत्रांमुळे वाढत नाहीत. तेव्हा एका जादा यंत्रामागे ४,५०० रुपये सुटतात.

नक्कल करणाऱ्याने एका हंगामात १०० यंत्रे विकली. पुराव्यावरून असे दिसले की, त्यांतील ४० गिऱ्हाइकांनी तशाच उपयोगाचे, पेटंटबाहेरचे दुसरे यंत्र घेतले असते. उरले ६०. परंतु मूळ कारागिराच्या शेडमध्ये त्या हंगामात जास्तीत जास्त ४५ यंत्रे अधिक निघू शकत होती. तेव्हा बुडालेला नफा ४५ यंत्रांचा, म्हणजे २,०२,५०० रुपये होतो. राहिलेल्या ५५ यंत्रांवर दर यंत्रामागे ५०० रुपये वाजवी रॉयल्टी धरली, तर २७,५०० रुपये होतात. एकूण रक्कम २,३०,००० रुपये झाली. कारागिराने रागाच्या भरात १०० यंत्रांची सर्व किंमत, म्हणजे २० लाख रुपये मागितली असती, तर ती मागणी टिकली नसती. आणि पेटंट संपूर्ण यंत्राचे नसून केवळ बियाण्याच्या चकतीचे असते, तर गिऱ्हाईक त्या चकतीसाठीच यंत्र घेत होते, हे वेगळे सिद्ध करावे लागले असते.

भारतातील कायदा

भारतात पेटंट अधिनियम, १९७० लागू आहे. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे असते. कलम १०८ अन्वये न्यायालय उल्लंघनास मनाई करू शकते. त्याशिवाय फिर्यादीच्या पसंतीप्रमाणे एकतर नुकसानभरपाई किंवा प्रतिवादीने मिळविलेल्या नफ्याचा हिशेब देववू शकते. दोहोंपैकी एकच मिळते. नुकसानभरपाईत फिर्यादीचे काय बुडाले ते पाहावयाचे, तर नफ्याच्या हिशेबात प्रतिवादीने काय कमावले ते पाहावयाचे. ज्याची स्वतःची विक्री थोडी आहे, पण नक्कल मात्र भरपूर खपली आहे, त्याने दुसऱ्या मार्गाचा विचार जाणकार वकिलाच्या सल्ल्याने करावा. दावा जिल्हा न्यायालयाहून खालच्या न्यायालयात लावता येत नाही. परवान्याच्या शुल्काच्या आधारे भरपाई ठरविण्याची रीत आपल्याकडेही आली आहे. भ्रमणध्वनीच्या तंत्रविषयक पेटंटांच्या एका दाव्यात २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने याच आधारावर सुमारे २४४ कोटी रुपयांची भरपाई ठरविली होती.

कलम १११ प्रत्येक अवजारकाराने समजून घ्यावे. पेटंट अस्तित्वात असल्याचे आपणास माहीत नव्हते व तसे मानण्यास वाजवी कारणही नव्हते, असे प्रतिवादीने सिद्ध केले, तर त्याच्याकडून नुकसानभरपाई किंवा नफ्याचा हिशेब मिळत नाही. यंत्रावर नुसता ‘पेटंट’ हा शब्द कोरल्याने भागत नाही. त्यासोबत पेटंटचा क्रमांकही असावा लागतो. चार आकडे कोरण्याचा आळस पुढे लाखो रुपयांस भारी पडू शकतो.

शेतीची पद्धती, तसेच वनस्पती, बियाणे व वाण यांचे पेटंट या अधिनियमाच्या कलम ३ अन्वये मिळत नाही. वाणांसाठी वनस्पतींचे वाण संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क अधिनियम, २००१ हा वेगळा कायदा आहे. त्यानुसार शेतकऱ्यास आपल्या शेतातील बी राखून ठेवण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व विकण्याचाही हक्क आहे. मात्र संरक्षित वाणाचे बी नाममुद्रेच्या वेष्टनात विकता येत नाही. नोंदणीकृत वाणाने पैदासकाराने सांगितल्याप्रमाणे गुण दाखविला नाही, तर शेतकऱ्यास प्राधिकरणाकडे भरपाई मागता येते.

येथेही प्रश्न पुन्हा बुडालेल्या उत्पन्नाच्या पुराव्याचाच येतो. सदोष बियाण्याच्या प्रकरणात २०१२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बीज निगमाविरुद्धच्या खटल्यात शेतकऱ्यास ग्राहक मानले. शेतकरी विकत घेतलेले सर्व बी पेरून टाकतो. प्रयोगशाळेसाठी नमुना राखून ठेवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करता येत नाही, असेही मत न्यायालयाने व्यक्त केले. तरीही पिशवी, खूणचिठ्ठी व पावती जपून ठेवणे आणि उगवणीत खोट दिसताच कृषी अधिकाऱ्याकडून शेताची पाहणी करून घेणे, हेच शहाणपणाचे होय.

काय करावे?

अवजारांत सुधारणा करणाऱ्या कारागिरांनी व शेतकऱ्यांनी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात:

१. नवे यंत्र प्रदर्शनात मांडण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी पेटंटचा अर्ज करावा. रचना पूर्ण झाली नसेल, तर आधी तात्पुरते विवरण दाखल करून बारा महिन्यांच्या आत पूर्ण विवरण देता येते. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी पेटंट कार्यालय मुंबई येथे आहे.

२. पेटंट मिळाल्यावर प्रत्येक यंत्रावर ‘पेटंट’ या शब्दासह त्याचा क्रमांक ठळकपणे कोरावा.

३. प्रत्येक विक्रीची क्रमवार पावती फाडावी. गिऱ्हाइकाचे गाव, तारीख, किंमत व यंत्राचा क्रमांक तीत लिहावा.

४. खर्चाची वही दोन भागांत ठेवावी. यंत्रांच्या संख्येबरोबर वाढणारा खर्च एका भागात आणि भाडे, पगार यांसारखा कायमचा खर्च दुसऱ्या भागात लिहावा.

५. पुरविता न आलेल्या मागण्यांचीही नोंद ठेवावी. परत गेलेले गिऱ्हाईक, आलेली पत्रे, व्यापाऱ्यांची मागणी हे सर्व मागणीचे व कुवतीचे पुरावे होत.

६. कोणास परवाना दिला असल्यास तो लेखी करार करूनच द्यावा व शुल्क त्यात नमूद करावे. वाजवी रॉयल्टी ठरविताना असा करार फार मोलाचा ठरतो.

७. नक्कल दिसून येताच ती कोठे, कोणी, किती किंमतीस विकली, याची माहिती जमवावी. शक्य झाल्यास पावतीसह एक नग विकत घेऊन ठेवावा. भांडण करू नये. लेखी नोटीस द्यावी.

यंत्र विकत घेणाऱ्या शेतकऱ्यांनीही पक्की पावती घ्यावी व नकली यंत्रापासून दूर राहावे. पेटंट असलेले यंत्र परवानगीवाचून बनविणे व विकणे एवढेच नव्हे, तर ते वापरणे हेही कायद्याने पेटंटधारकाच्या हक्काच्या कक्षेत येते. मूळ उत्पादकाकडून रीतसर घेतलेले यंत्र मात्र शेतकऱ्याने निर्धास्तपणे वापरावे.

ग्रामसेवकांनी आपल्या गावातील कल्पक कारागिरांची भेट घेऊन वरील गोष्टी त्यांना समजावून सांगाव्यात. ज्यास लिहिता येत नाही त्यास वही घालून देण्यास एखाद्या शाळकरी मुलाचीही मदत होऊ शकेल. मॅकॉर्मिकसारख्या नामांकित यंत्रकारासही सर्वोच्च न्यायालयाने नुकसान पुराव्याने सिद्ध करण्यास सांगितले; मग गावातील कारागिराची केवळ तक्रार कोण मानील? परंतु त्याच कारागिराजवळ पावत्या, खर्चाची वही व क्रमांक कोरलेले यंत्र असेल, तर त्याच्या बुडालेल्या कष्टांचे मोल न्यायालयास आकड्यांत दाखविता येईल. ज्या दिवशी पहिले यंत्र विकले जाईल, त्याच दिवशी वहीचे पहिले पान लिहिले जावे.